बालरोगतज्ज्ञ व्हायचंय? बारावीपासून पहिल्या ओपीडीपर्यंतची वाट

दरवर्षी नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला की आमच्या ओपीडीत एक ठरलेला प्रसंग घडतो. धाकट्याचा खोकला दाखवायला आलेली आई जाता जाता थोरलीला पुढे करते. "मॅडम, हिला तुमच्यासारखं लहान मुलांचं डॉक्टर व्हायचंय. लहान मुलं फार आवडतात हिला." मी त्या मुलीला एवढंच विचारते, "रडणारीसुद्धा?"

प्रश्न चेष्टेचा वाटतो, पण आहे कामाचा. न्हाऊमाखू घातलेली, पावडर लावलेली, हसरी बाळं कुणालाही आवडतात. आमच्याकडे येतात ती तापलेली, किरकिरी, रात्रभर न झोपलेली. सोबत तितकीच न झोपलेली आई, घाबरून चिडलेला बाप आणि "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" म्हणणारी आजी. ज्याला दुखतंय तो बोलत नाही आणि बोलणाऱ्या तिघांचं तीन दिशांना. या गर्दीत उभं राहून बाळाकडे बघता येणं हे या शाखेचं निम्मं काम आहे. बाकीचं निम्मं पुस्तकातून आणि वॉर्डातून शिकता येतं, त्यासाठीच हा लेख.

आधी वर्षांचा हिशेब. एमबीबीएस साडेचार वर्षं, इंटर्नशिप एक वर्ष, एमडी ही पदव्युत्तर (पीजी) पदवी तीन वर्षं. कागदावर साडेआठ. प्रत्यक्षात नीटसाठी एखादं वर्ष थांबावं लागतं, पीजीच्या परीक्षेसाठी आणखी एखादं जातं, सरकारी कॉलेज असेल तर बंधपत्राची सेवा, म्हणजे ठरावीक काळ सरकारी रुग्णालयात काम, येते. बारावी झालेली मुलगी स्वतःच्या नावापुढे "बालरोगतज्ज्ञ" लिहीपर्यंत तिशीच्या आसपास आलेली असते. घरच्यांना हे आत्ताच सांगून ठेवा. पाचव्या वर्षी "अजून शिकतेच आहेस?" असं विचारणारे नातेवाईक प्रत्येकाला असतात.

पायरी शून्य: आधी स्वतःला तपासा

क्लास लावण्याआधी एक सोपी गोष्ट करा. ओळखीच्या अंगणवाडीताईंना विचारून वजनाच्या दिवशी तिथे एक सकाळ बसा. मुलं काट्यावर ठेवली की काही हसतात, काही किंचाळतात, एखादं काट्यावरच शू करतं. ताई वहीत आकडा लिहितात आणि मागच्या महिन्याच्या आकड्याशी ताडून बघतात. एखाद्या मुलाचं वजन तीन महिने तिथंच अडकलेलं असतं. ताई त्याच्या दंडाभोवती रंगीत पट्टी गुंडाळतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा बारीक भरला तर ते तीव्र कुपोषण.

त्या सकाळनंतर तुम्हाला काय आठवतं ते बघा. फक्त गोंगाट आठवत असेल तर दुसऱ्या शाखाही चांगल्या आहेत. पण "त्या निळ्या फ्रॉकवालीचं वजन का वाढत नसेल?" हे डोक्यातून जात नसेल, तर पुढे वाचा.

पायरी १: अकरावी-बारावी, नीट आणि कागदपत्रं

नीटबद्दल सांगणारे गल्लोगल्ली आहेत, म्हणून थोडक्यात. भौतिकशास्त्र ४५, रसायनशास्त्र ४५ आणि जीवशास्त्र ९० असे १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. बारावीत या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला किमान ५० टक्के, राखीव प्रवर्गांना ४० टक्के. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. पुढे एमबीबीएसची पुस्तकं मात्र इंग्रजी असतात, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्यांनी पहिल्या सहा महिन्यांत घाबरून जाऊ नये. मी स्वतः मराठी शाळेतली. पहिल्या टर्मला शरीररचनाशास्त्राचं एक पान वाचायला मला तास लागायचा, दुसऱ्या टर्मपर्यंत दहा मिनिटांवर आलं.

सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. उरलेल्या ८५ टक्के आणि राज्यातल्या खासगी कॉलेजांचे प्रवेश राज्याचा सीईटी कक्ष करतो. अभिमत विद्यापीठांचं समुपदेशन पुन्हा केंद्रीय पातळीवर. म्हणजे अर्ज दोन ठिकाणी आणि तारखाही वेगवेगळ्या.

मुलं गुणांवर जितकी अडकतात, जवळपास तितकीच कागदांवर अडकतात. डोमिसाईल, नॉन-क्रीमी लेयर आणि विशेषतः जात वैधता प्रमाणपत्र अकरावीतच काढायला टाका. वैधता समितीत आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले मागतात आणि ते शोधायला मूळ गावच्या शाळेत खेटे घालावे लागतात. निकालानंतर धावपळ सुरू केली तर हाताशी आलेली जागा केवळ एका कागदासाठी जाते. शुल्काचं म्हणाल तर महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीसारख्या योजना आहेत, त्यांचा अर्ज प्रवेश झाल्या झाल्या भरा.

ज्यांना बीएएमएस मिळतं त्यांच्यासाठी: आयुर्वेदात कौमारभृत्य ही मुलांची स्वतंत्र शाखा आहे आणि त्यात एमडी करता येतं. ती पदवी वेगळी, तिचे अधिकार वेगळे. "तेच ते असतं" असं कुणी म्हणालं तर मान हलवू नका, नियम वाचा.

पायरी २: एमबीबीएसची वर्षं

पहिली दोन वर्षं मुलांचा वॉर्ड फारसा दिसत नाही. तरी दोन गोष्टी आत्तापासून घट्ट करा: बाळ जन्मल्यावर त्याचं रक्ताभिसरण कसं बदलतं हे शरीरक्रियाशास्त्रातून आणि औषधाचा डोस वजनावर कसा निघतो हे औषधशास्त्रातून. बालरोगशास्त्राची परीक्षा शेवटच्या वर्षी मेडिसीन, सर्जरी आणि स्त्रीरोगासोबत असते, म्हणून पुष्कळ जण शेवटच्या महिन्यात उरकतात. ज्यांना हीच शाखा घ्यायची आहे त्यांनी वॉर्डातल्या पोस्टिंगचे दिवस सोन्यासारखे वापरावेत.

कसे वापरायचे? दुपारी, राऊंड संपून सगळे जेवायला गेल्यावर वॉर्डात परत जा. एका आईशेजारी बसा. बाळाला हात लावू नका. घड्याळ घ्या आणि त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणणं इथे चालत नाही, कारण लहान बाळ मध्येच थांबून थांबून श्वास घेतं. दोन महिन्यांखालच्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास म्हणजे वेग वाढलेला. मग अंगावरचं झबलं वर करायला सांगा आणि छातीचा खालचा भाग श्वासागणिक आत ओढला जातो का ते बघा. आया याला "पोट उडतंय" म्हणतात. स्टेथोस्कोप न लावता न्यूमोनियाचा अंदाज असा बांधता येतो आणि खेड्यातल्या आशाताईही तो बांधतात.

लोकांचे शब्द वहीत लिहून ठेवायची सवय तेव्हाच लावा. "डोळे पांढरे केले" म्हणजे आकडी येऊन गेली असावी. "पोट चाललंय" म्हणजे जुलाब. विदर्भात काही ठिकाणी "डब्बा" म्हणतात तो बहुतेक वेळा न्यूमोनिया निघतो. "दात येताहेत म्हणून" हे तर सर्व रोगांचं सार्वत्रिक कारण. त्या दातांच्या नावाखाली जुलाबानं सुकलेली बाळं मी पाहिली आहेत. पोटावर बिब्ब्याचे डाग दिसले तर आईवर ओरडू नका. डाग कधी घातले ते शांतपणे विचारा, म्हणजे दुखणं किती दिवसांचं आहे ते कळतं.

इंटर्नशिपमध्ये बालरोग विभागात तीनेक आठवडे मिळतात. पीजीच्या अभ्यासासाठी ग्रंथालयात पळून जाण्याचा मोह मोठा असतो आणि सगळे तेच करतात. तीन आठवडे तरी पळू नका. प्रसूतिकक्षात बाळ घ्यायला उभं राहा: कोरडं करणं, ऊब देणं, श्वासाची वाट मोकळी करणं आणि गरज पडली तर पहिल्या मिनिटाच्या आत फुग्यानं श्वास देणं. या मिनिटाला "गोल्डन मिनिट" म्हणतात. निळं बाळ तुमच्या हातात गुलाबी होऊन रडलं की शाखेबद्दलची शंका बरीच फिटते. आणि त्याच वेळी तुमचे हात गारठत असतील, तेही लक्षात घ्या. दोन्ही खरं असतं.

ग्रामीण पोस्टिंगला जाल तेव्हा आशाताईंबरोबर एक गृहभेट करा. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात. या पद्धतीच्या मुळाशी गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या "सर्च" संस्थेनं केलेलं काम आहे: गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांवर घरी उपचार. १९९९ मध्ये "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला, त्यात नवजात मृत्युदर साठ टक्क्यांहून अधिक घटला होता. बालरोग म्हणजे काचेच्या पेट्या आणि मॉनिटर एवढंच नव्हे, हे गावात जाऊन बघितलेलं बरं.

पायरी ३: पीजीचा दरवाजा

नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत २०० प्रश्न आणि ८०० गुण असतात. निम्म्या सरकारी जागा अखिल भारतीय, निम्म्या राज्याच्या. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पदव्युत्तर जागांसाठी रहिवासावर आधारलेलं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. हे सांगायचं कारण, की दोन वर्षांपूर्वीच्या सीनियरनं दिलेला सल्ला जुना झालेला असू शकतो. त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, अगदी तळटीपांसकट.

बालरोगतज्ज्ञ होण्याच्या वाटा तीन. विद्यापीठाची एमडी, तीन वर्षं. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डीएनबी, तीही तीन वर्षं. ती मोठ्या खासगी आणि ट्रस्टच्या रुग्णालयांत होते. आणि डीसीएच ही दोन वर्षांची पदविका. डीसीएचवर उत्तम प्रॅक्टिस करणारे माझे कितीतरी मित्र आहेत. मात्र अध्यापनात जायचं किंवा पुढे डीएम (एखाद्या उपशाखेतली पदवी) करायचं असेल तर पदविका पुरत नाही. पदविका देणाऱ्या संस्थांच्या मान्यतेवरून वादही झाले आहेत, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी ती पदविका त्या वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या यादीत आहे का ते बघा. "होऊन जाईल" या तोंडी आश्वासनावर माझ्या एका वर्गमित्राची दोन वर्षं गेली.

कॉलेज निवडताना नाव बघू नका असं मी म्हणणार नाही, नावाचा उपयोग होतो. पण तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला फोन करून पुढचं विचारा: वर्षाला प्रसूती किती होतात? नवजात अतिदक्षता विभागात बाहेरून आलेली बाळं घेतात का? व्हेंटिलेटर निवासी डॉक्टर लावतात की भूलतज्ज्ञ येतात? सल्लागार, म्हणजे वरिष्ठ डॉक्टर, रात्री फोन उचलतात का? शेवटच्या प्रश्नाच्या उत्तराआधी समोरचा जितका वेळ गप्प राहील, त्यावरून तुमची तीन वर्षं कशी जातील ते ओळखा.

परळचं बाई जेरबाई वाडिया रुग्णालय १९२९ पासून फक्त मुलांसाठी चालतं. अशा ठिकाणी दुर्मिळ आजार एका छताखाली दिसतात. पुण्याचं ससून, नागपूरचं मेडिकल, मुंबईतली केईएम, सायन, नायर इथे गर्दी अशी, की साधा आजारही हातून शेकडो वेळा जातो. दुर्मिळ आजार पुस्तकातही भेटतात, हात मात्र गर्दीतच बसतो. माझं मत गर्दीच्या बाजूनं. माझी एक मैत्रीण नेमकं उलटं सांगते आणि तीही उत्तम डॉक्टर आहे.

पायरी ४: निवासी डॉक्टरची तीन वर्षं

पहिल्या वर्षाच्या डॉक्टरला "जेआर वन" (ज्युनियर रेसिडेंट) म्हणतात आणि त्याची झोप सगळ्यांच्या मालकीची असते. इमर्जन्सीचा दिवस, त्यानंतरची रात्र, पुन्हा सकाळचा राऊंड. पावसाळ्यात डेंग्यू आणि जुलाब, थंडीत धाप लागलेली तान्ही बाळं. एका खाटेवर दोन मुलं हे सरकारी वॉर्डात नवीन नाही.

नवजात विभागातली माझी पहिली रात्र अजून आठवते. बाराशे ग्रॅमचं बाळ. त्याचा पंजा माझ्या अंगठ्याच्या पेरावर मावत होता. सलाईन लावायचं होतं. सिस्टरनं दिवे मंद केले आणि एक छोटी टॉर्च बाळाच्या तळहाताखाली धरली. सगळा हात आतून लाल झाला आणि त्या लाल उजेडात शीर काळ्या दोऱ्यासारखी दिसली. चोवीस नंबरची पिवळी इंट्राकॅथ, शिरेत घालायची बारीक नळी. पहिल्यांदा आरपार गेली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा मी सुई उचलली तशी सिस्टरनं माझं मनगट धरलं. "मॅडम, दोनदा झालं. आता दुसऱ्याला बोलवा." त्या नोकरीत पंचवीस वर्षं काढलेल्या बाई होत्या. पदवी माझ्याकडे होती, अक्कल त्यांच्याकडे. दोनदा चुकलं की हात बदलायचा, हा नियम मी अजून पाळते.

त्याच बाळानं दुसरी गोष्ट शिकवली. इतक्या लहान जिवाच्या अख्ख्या अंगात रक्त असतं साधारण शंभर मिलिलिटर, चहाचा एक कप. सकाळ-संध्याकाळ तपासण्या लिहिताना आपण त्या कपातून चमचे काढत असतो. मोठ्यांच्या वॉर्डातून आलेल्या डॉक्टरला हे पटकन उमजत नाही, कारण तिथे नळी भरून घेणं ही किरकोळ बाब असते.

औषधांचंही तसंच. आठ किलोच्या बाळाला ताप आहे. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे १२० मिलिग्रॅम द्यायचं. पाच मिलिलिटरमध्ये १२० असलेलं सिरप असेल तर पाच मिलिलिटर. पाचमध्ये २५० असलेलं असेल तर २.४. एका मिलिलिटरमध्ये १०० असलेले थेंब असतील तर फक्त १.२. औषध एक, डोस एक, मापं तीन. आणि चिठ्ठीवर तुम्ही लिहिलंत "एक चमचा"! घरातला चमचा पोह्यांचा की चहाचा हे तुम्हाला माहीत नाही, दुकानदारानं कुठली बाटली दिली तेही माहीत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून औषधाची तीव्रता आणि मिलिलिटर दोन्ही लिहा, आणि आईच्या हातात सिरिंज देऊन "इथपर्यंत" असं बोटानं दाखवा. मी रेषेवर पेननं खूण करून देते.

मूल तपासण्याचा क्रम मोठ्यांपेक्षा वेगळा असतो, तो अंगवळणी पडायला वर्ष जातं. दारातून येतानाच बघायला सुरुवात: मूल आईच्या खांद्यावर मान टाकून आहे की टेबलावरचा पेन ओढतंय? आईच्या मांडीवरच तपासायचं. स्टेथोस्कोप तळहातावर चोळून कोमट करायचा. मूल शांत असेपर्यंत छाती ऐकून घ्यायची, मग पोट. कान आणि घसा सगळ्यात शेवटी, कारण त्यानंतर शांतता संपते. पुस्तकातला डोक्यापासून पायापर्यंतचा क्रम परीक्षेपुरता ठेवा.

तीन वर्षांत तीन महिने जिल्हा निवासी कार्यक्रमात जावं लागतं. काही जण ते सुट्टीसारखे काढतात. जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षात आणि पोषण पुनर्वसन केंद्रात बसलात तर कुपोषित मुलाला भराभर सलाईन चढवणं किती घातक ठरतं, ते तिथे प्रत्यक्ष शिकाल. प्रबंधाचा विषय साधा निवडा, जो तुमच्याच वॉर्डातल्या मुलांवर आणि हाताशी असलेल्या तपासण्यांवर होईल. नोबेल नंतर.

आता अवघड भाग. मुलं मरतात. ऐंशी वर्षांच्या आजोबांसाठी समाजाकडे तयार शब्द असतात, तीन दिवसांच्या बाळासाठी नसतात. आईबापांना बाजूला न्यावं, बसवावं, आपणही बसावं. "बाळ गेलं" हे स्पष्ट म्हणावं. "सीरियस आहे", "बघू" अशा शब्दांनी अर्धा तास ढकलू नये, त्यातूनच संशय आणि पुढे मारामारी होते. बाळाला आईच्या हातात द्यावं, तिला हवा तेवढा वेळ. मग ड्यूटी रूममध्ये जाऊन तुम्ही रडलात तर त्यात काही बिघडत नाही. मात्र पुढच्या पेशंटसाठी चेहरा धुवून यावं लागतं. ज्यांना महिनोन्महिने झोप लागत नाही, जेवण जात नाही, त्यांनी मानसोपचार विभागात जावं. तो त्याच इमारतीत असतो आणि तिथे जायची सर्वांत जास्त लाज डॉक्टरांनाच वाटते.

पायरी ५: एमडीनंतर

सरकारी कॉलेजातून शिकलात तर बंधपत्राची सेवा करावी लागते, नाहीतर दंड, आणि दंडाचा आकडा छातीत धडकी भरवणारा असतो. सेवाच करा. जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात तुम्ही एकटे असता, विचारायला कुणी सीनियर नसतो, आणि आपल्याला काय येतं व काय येत नाही हे तिथे महिन्याभरात कळतं.

पुढे शिकायचं असेल तर नीट-एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेशपरीक्षा देऊन नवजातशास्त्र, बालमेंदूविकार, बालहृदयरोग, बाल अतिदक्षता, रक्तविकार व कर्करोग अशा विषयांत डीएम किंवा डीआरएनबी, आणखी तीन वर्षं. वर्षभराच्या फेलोशिपही आहेत. मुलांच्या शस्त्रक्रियांची वाट निराळी, ती सर्जरीकडून एमसीएच या शस्त्रक्रियेतल्या पुढच्या पदवीला जाते. एमडी झाल्यावर तिकडे वळता येत नाही, म्हणून हातात चाकू हवा असेल तर पीजीच्या आधीच ठरवा. परदेशी जायचं तर ब्रिटनसाठी एमआरसीपीसीएच ही परीक्षा, अमेरिकेसाठी यूएसएमएलई ही परीक्षा आणि तिथली तीन वर्षांची रेसिडेन्सी नव्यानं. इथली एमडी तिथे अनुभव म्हणून उपयोगी पडते, पण रांगेत पुढे जाता येत नाही.

सगळ्यांनीच सुपरस्पेशालिस्ट व्हावं असं मला वाटत नाही. तालुक्याला सर्दी, खोकला, जुलाब, लसी आणि वजन नीट बघणारा साधा बालरोगतज्ज्ञ हवा असतो, आणि शंभरातलं कुठलं एक मूल पुण्या-मुंबईला धाडायचं हे ओळखणारा.

पायरी ६: स्वतःची पाटी

आपल्याकडे "ती स्त्रीरोगतज्ज्ञ, तो बालरोगतज्ज्ञ" किंवा उलट अशा जोडीच्या पाट्या जागोजागी दिसतात. त्यात प्रेम असतंच, पण सोयही असते: सिझेरियनला बाळ घ्यायला कुणी हवंच. जोडीदार त्या शाखेतला नसेल तर गावातल्या प्रसूतीगृहांशी संबंध हीच तुमची पहिली दोन वर्षं. रात्री तीनला फोन येतो आणि दहा मिनिटांत पोहोचावं लागतं. म्हणून घर दवाखान्यापासून लांब घेऊ नका.

कागदोपत्री कामं: महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे एमबीबीएससोबत पदव्युत्तर अर्हतेचीही नोंद करा. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी, त्यासाठी डॉक्टरांच्या परिषदा-कार्यशाळांना जाऊन मिळणारे ३० क्रेडिट पॉइंट लागतात. खाटा ठेवणार असाल तर शुश्रूषागृह नोंदणी, जैववैद्यकीय कचऱ्याचा करार, अग्निशमनचा दाखला. इंडियन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही १९६३ पासूनची आपली संघटना आहे. तिच्या जिल्हा शाखेच्या बैठकांना जा, भाषणांसाठी नाही तर नंतरच्या जेवणासाठी. गावातले सीनियर अडल्यावेळी फोन उचलतात ते त्या जेवणातल्या ओळखीवर.

एक कायदा पाठ हवा, पॉक्सो, २०१२. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे. "घरातलं आहे, बाहेर नको" म्हणून हात जोडणारे येतील. उपचार ताबडतोब करा, कळवाही. मुलाशी बोलताना त्याला पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावू नका.

लसींचा फ्रीज घरगुती नको. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे, दिवसातून दोनदा तापमान वहीत लिहिलं पाहिजे आणि वीज गेली तर काय करायचं हे कंपाउंडरलाही ठाऊक हवं. त्या फ्रीजमध्ये दुधाची पिशवी दिसली की मी अजून आरडाओरडा करते.

बाकी ओपीडीत फार काही लागत नाही. डॉक्टरची खुर्ची बुटकी घ्या, म्हणजे मांडीवरच्या मुलाच्या डोळ्यांसमोर डोळे येतात. पांढरा कोट कपाटात ठेवा. मोठ्या मुलांसाठी बाहेर वेगळी दोन बाकं टाका; आमच्याकडे अठरा वर्षांपर्यंतची मुलं येतात आणि मिसरूड फुटलेला दहावीतला पोरगा झबल्यातल्या बाळांच्या रांगेत अवघडून बसतो. लांबी मोजायची पाटी, दंडाची पट्टी, डोक्याचा घेर मोजायला न ताणणारी टेप.

आणि पैसे वाचवायचे तर फर्निचरवर वाचवा, वजनकाट्यावर नको. तान्ह्यांसाठी पाच-दहा ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा काटा घ्या. बाळ कपडे काढून ठेवा, आईचा हात बाजूला, आकडा स्थिरावला की मगच लिहा. काटा हलतो, बिघडतो, त्यामुळे तो रोज सकाळी तपासावा लागतो. त्यासाठी मी एक किलोची मिठाची पुडी काट्याशेजारीच ठेवते. नव्या आलेल्या आज्या ती बघून खूश होतात. त्यांना वाटतं, डॉक्टरीणबाई दृष्टही काढतात.